लाल चौकोनातला संसार

आमचं दोघांचं जुळत नाही, हे मला लग्नाला तीन वर्षं झाल्यावर एका दुपारी शंकरपाळे खाताना कळलं. सांगणारी माझी सख्खी धाकटी बहीण होती, त्यामुळं विश्वास ठेवणं भाग होतं.

ती परभणीला मानसशास्त्र शिकते. दिवाळी सरता सरता चार दिवस आमच्याकडं जिंतूरला आली, ती फोनमधे एक चाचणी घेऊनच. साठ प्रश्न. त्यांची उत्तरं दिली की आपण कोणत्या प्रकारचं माणूस आहोत ते चार इंग्रजी अक्षरांत कळतं. असे एकूण सोळा प्रकार, आणि जगातली सगळी माणसं त्यात बसतात.

"आपल्या गल्लीतली बी?" माझ्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"गल्लीतली बी, आत्याबाई."

"मग सोळा कमी पडतील," त्या म्हणाल्या आणि तरी खुर्ची ओढून जवळ येऊन बसल्या.

माझी चाचणी सगळ्यात आधी झाली. वेळ लागला, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं आणि उत्तराला जोडून एक किस्सा. शेवटी बहिणीनं किस्से ऐकायचं बंद केलं. अक्षरं निघाली ई, एन, एफ, पी. तिनं खालचं वाचून दाखवलं: बोलकी, उत्साही, मायाळू, हातातलं काम अर्धवट सोडून दुसरं धरणारी. आत्याबाईंनी एकदा अंगणातल्या माझ्या अर्ध्या रांगोळीकडं बघितलं आणि एकदा फोनकडं. "ह्याला कसं कळलं?" त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात माझे मालक जेवायला आले. त्यांचं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांच्या पोटातली जळकी तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, वॉर्निश पाजायचं, वाळवायचं. हे काम करताना फेरे मोजावे लागतात आणि फेरे मोजताना बोलता येत नाही. आता हे काम करून ते गप्प झाले का आधीच गप्प होते म्हणून हे काम धरलं, ते कुणाला सांगता येत नाही. आमचं लग्न जमताना मी मध्यस्थांना विचारलं होतं, मुलगा बोलतो ना? ते म्हणाले, बोलतो की, विचारलं तर.

आणि मी? मी एका फ्लेक्सच्या दुकानात बॅनरचं डिझाईन करते. गावोगावच्या वाढदिवसांचा मजकूर माझ्या हातून जातो. काळजाचा तुकडा, मित्रांचा जीव, भावांचा भाऊ, हे सगळं मी दिवसाला दहा वेळा टाईप करते. दिवसभर लोकांचं प्रेम मोठ्या अक्षरांत मांडायचं, आणि घरी आल्यावर समोर असा माणूस, जो आमटी आवडली तर फक्त वाटी पुढं करतो.

बहिणीनं त्यांना जेवणावरच धरलं.

"दाजी, लग्नाबिग्नात तुमी अनोळखी माणसांशी आपणहून बोलायला जाता का?"

त्यांनी बराच विचार केला. "पंगत कुठं बसायली ते विचारायला जातो."

"निर्णय घेताना डोक्याचं ऐकता का मनाचं?"

"मीटरचं."

"दाजी, ह्याच्यात मीटर नाही."

"मग डोक्याचं लिहा. मीटर नसलं तर."

"बरं. मनातलं तुमी लगेच बोलून दाखवता का?"

पलंगावरून माझे सासरे खाकरले. त्यांना मी मामा म्हणते. ते निवृत्त एसटी कंडक्टर. इतकी वर्षं भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवल्यामुळं ते घरातही शेवटच्या सीटशीच बोलतात. "मनात काही हाय का, ते आधी विचार!" ते गरजले.

"लगेच न्हाई," माझे मालक म्हणाले.

"मग कवा?"

"अजून तशी वेळ आली न्हाई."

मी तोंडात शंकरपाळा घेऊन तशीच राहिले. तीन वर्षं!

त्यांची अक्षरं निघाली आय, एस, टी, जे. माझ्यातलं एकही त्यात नव्हतं. शांत, जबाबदार, शब्दाला पक्के, भावना दाखवायला कच्चे. मग बहिणीनं एक तक्ता उघडला. सोळा उभे, सोळा आडवे चौकोन. कुणाचं कुणाशी जुळतं त्याचे हिरवे, पिवळे आणि लाल रंग. तिनं माझ्या ओळीवर एक बोट ठेवलं, त्यांच्या ओळीवर दुसरं, आणि दोन्ही बोटं सरकवत आणली. बोटं भेटली तो चौकोन लाल होता.

"कडक लाल नाही गं ताई," ती घाईघाईनं म्हणाली. "जरासा विटकरीच हाय."

"अगं पण कुंडलीत छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले होते!" आत्याबाई म्हणाल्या.

"उरलेले नऊ हेच असतील," पलंगावरून आवाज आला.

"अहो," मी माझ्या मालकांना म्हणाले, "आपलं जुळत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"फोननं."

"बरं," ते म्हणाले, हात धुतले आणि दुकानाला गेले.

बहीण जाताना मला सांगून गेली की लाल चौकोन म्हणजे काही शेवट नाही. काही माणसांचं प्रेम तोंडात असतं, काहींचं हातात. दोघांनी एकमेकांची बोली शिकावी लागते. शिकावी लागते म्हटल्यावर मी लगेच शिकवणीच लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं: "तुमी मला रोज एक वाक्य बोलायचं. प्रेमाचं. आन् खरं पाहिजे."

ते बशीकडं बघत राहिले. "गॅरंटी किती दिवसाची?"

"जन्माची."

"नव्या मोटारीला बी सहा महिन्याचीच देतो मी," ते म्हणाले. पण तयार झाले. शब्दाला पक्के, हे चाचणीनं खरंच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशीचं वाक्य होतं, "तू चांगली हायेस." मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी, "चहा चांगला झालाय." हे मी बाद केलं, कारण ते चहाचं कौतुक होतं. "चहा कुणी केला मग?" ते म्हणाले, आणि त्यावर पंधरा मिनिटं वाद झाला, म्हणजे मी घातला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी घसा साफ केला. "तुझा आवाज लय लांबून ओळखू येतो. परवा तू बसस्टँडवर होतीस, मला दुकानात ऐकू आलीस." हे धरावं का सोडावं मला कळेना. मी पंच म्हणून सासऱ्यांकडं बघितलं. "धर, पोरी, धर," ते म्हणाले, "ह्याच्यातून एवढंच निघायचं!"

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "काल तू केस धुतले होते."

मी वाट बघितली. "मग?"

"मग काही न्हाई. माहीत हाय मला."

आणि ते गेले. मी हातात गाळणी घेऊन उभी. मला काय झालं कोण जाणे, हसू यायला लागलं ते थांबेना. दुकानात एका आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या बॅनरवर मी त्या दिवशी दोनदा "वाढदिवस"ऐवजी "वाढकेस" टाईप केलं.

पाचव्या दिवशी माल संपला. ते चहा प्यायले, खाली बघितलं, वर बघितलं आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, सुटलं व्रत. पण तो माणूस सुटणारा नव्हता. त्या संध्याकाळी मी घरी लवकर आल्यावर ते आमच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले, आणि तिथल्या मालकांना म्हणाले, "तुमच्याकडं मजकूर असतो म्हणं. चांगला बघून द्या एक." हे मला नंतर कळलं. त्या मालकांनी काही न विचारता पडलेल्या कागदातला एक उचलून दिला.

सहाव्या सकाळी माझे मालक चहा न घेता उभे राहिले. खिशातून घडी केलेला कागद काढला. दोन्ही हातांत धरला.

"लाखो मनांची धडकन," त्यांनी सुरुवात केली.

मी वळले.

"दिलदार, दमदार, शब्दाला जागणारं, धडाडीचं नेतृत्व. युवकांचं आशास्थान. गोरगरिबांचा कैवारी..."

गाळणी माझ्या हातातून पडली. तो मजकूर माझाच होता! आदल्या आठवड्यात मी तो एका होऊ घातलेल्या सरपंचासाठी लिहिला होता, त्याच्या काळ्या गॉगलच्या फोटोशेजारी. आत आत्याबाईंना वाटलं कुणी उमेदवार दारात आला. त्या डोक्यावर पदर घेत, हात जोडत बाहेर आल्या आणि समोर आपलाच मुलगा बघून तशाच थांबल्या. सासऱ्यांनी पलंगावरूनच मूठ वर केली. "आगे बढो!" ते ओरडले. "हम तुम्हारे साथ है!" शेजारचे दोन लोक भिंतीवरून डोकावले. माझे मालक मात्र शेवटपर्यंत वाचत गेले, एक शब्द न गाळता, कान लाल झालेले.

मी ओट्याला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं. "आन् शुभेच्छुक कोण?" मी कसंबसं विचारलं.

त्यांनी कागद उलटा करून बघितला. तिथं काही नव्हतं. "मी," ते म्हणाले.

"समस्त मित्रमंडळ?"

"न्हाई. एकटाच."

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. येलदरीला माझ्या चुलत नणंदेचं लग्न होतं. मी गेले की माईक माझ्याकडं येतो, हे आता आमच्या भावकीत ठरूनच गेलंय. हळदीला गाणी मी म्हटली, दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकंही म्हटली, आलेल्या प्रत्येक गावच्या पाहुण्यांचं नाव घेऊन स्वागत केलं, हरवलेली चार लेकरं आणि एक चप्पल मंडपात पुकारून मिळवून दिली, आणि वरातीत डीजेच्या वर आवाज चढवून नवरीला हसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. हवा आली फक्त.

आमचे मालक मला परभणीला घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. सासरेही गाडीत बसले, म्हणाले डॉक्टरशी बोलायला कुणीतरी पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून आत बघितलं आणि मान हलवली. आवाजाच्या पडद्यांना सूज होती. "दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही," त्या म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. हसायचंही बेतानं."

"दहाच?" माझे सासरे म्हणाले. "न्हाई म्हणजे, बाई, पूर्ण महिनाभर दिलं तर अजून चांगला आराम पडंल का?"

मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते भिंतीवरचं कानाचं चित्र वाचायला लागले.

फ्लेक्सच्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथले मालक म्हणाले, तू इथं आलीस की बोलशील, मला पाप नको. घरी तर दर तासाला कुणीतरी समाचाराला येई आणि "काय झालं गं?" म्हणून मलाच विचारी. शेवटी आत्याबाईंनीच उपाय काढला. "तू ह्याच्या दुकानात जाऊन बसत जा," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी बोलतच न्हाई."

म्हणून मी डबा आणि एक उशी घेऊन मोटारींच्या दुकानात जाऊन बसायला लागले. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस; विजेचा दाब कमीजास्त व्हायचा आणि मोटारी धडाधड जळायच्या. दिवसाला पाच-सहा जण मोटार घेऊन येत. तिसऱ्या दिवशी हे वॉर्निश आणायला गेले आणि तेवढ्यात एक म्हातारे काका रिक्षातून मोटार उतरवून आत आले.

"बाई, मालक कुठं गेले?"

मी बाहेर बोट दाखवलं.

"कवा येतील?"

मी पाच बोटं दाखवली.

"पाच वाजता का पाच मिन्टानं?"

मी हातातल्या नसलेल्या घड्याळावर बोट फिरवलं, चुटकी वाजवली, चालून दाखवलं. काकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. डोळे भरून आले. "अगं माय," ते म्हणाले, "बोलता येत न्हाई का लेकराला?" आणि मी मान हलवून नाही-नाही करायला लागले तर त्यांना वाटलं, नाहीच येत. त्यांनी थैलीतून दोन पेरू काढून माझ्या हातात ठेवले आणि डोक्यावरून हात फिरवला.

तेवढ्यात आमचे मालक आले. काका उठून उभे राहिले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "असं असून बी लग्न केलंत तुमी. लय मोठं मन हाय तुमचं!"

मालकांनी काकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हातांनी खुणा करत होते, सांगा त्यांना, सांगा, दहा दिवसांचंच आहे. त्यांना सगळं कळलं होतं. डोळ्यांत दिसत होतं.

"हां," ते म्हणाले. "चालायचंच."

मी पेरू उगारला.

"पोखर्णीच्या नरसिंहाला न्या एकदा," काका म्हणाले. "मनापासून मागा. वाचा फुटंल बघा."

"नको, काका," माझे मालक शांतपणे म्हणाले. "फुटली तर लय अवघड होईल."

हसायचं बेतानं होतं. मी तोंडात पदर कोंबला, पोट धरलं, आणि स्टुलावरून खाली आले. काकांना वाटलं फेफरं आलं. ते माझ्या नाकाला चप्पल लावायला धावले. मग मात्र मालकांनी घाईघाईनं सगळं खरं सांगितलं. काका आधी रुसले, मग एवढे हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. पेरू परत नाही घेतले.

पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला. मालकांनी स्पीकर चालू केला आणि फोन तारेच्या बंडलावर ठेवला.

"दाजी, ताईला विचारा कशी हाय."

मी मालकांसमोर उभी राहिले आणि हळदीच्या दुधाच्या रिकाम्या पेल्याकडं बोट दाखवलं. मग घरच्या दिशेला, मग दोन बोटं, मग हात जोडून आकाशाकडं, मग फोनकडं बघून तो सोडू नको म्हणून मूठ. त्यांनी सगळं नीट बघितलं. मग फोनकडं तोंड करून बोलायला लागले, तेही असं झपाट्यात की मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ती म्हणायलीय, कशाची बरी, हळद पिऊन पिऊन पिवळी पडले, काविळीचं म्हणून कुणी धरून न्हेईल. मामा दिवसातून दोनदा त्या डॉक्टरीणबाईला दुवा द्यायलेत. आन् तू फोन ठेवू नको, अजून लय सांगायचंय."

स्वतःच्या बापाला ते मामा म्हणाले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"दाजी," बहीण म्हणाली, "हे सगळं ताईनं खुणेनं सांगितलं?"

"हां."

"काविळीचं बी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मी फक्त पेला दाखवला होता.

"काविळीचं तिनं म्हटलं असतं," ते म्हणाले.

फोनच्या पलीकडं बहीण किंचाळली. तिच्या मैत्रिणीही असाव्यात, चारपाच जणी एकदम ओरडल्या. मी खाली वाकून मोटारीच्या आडोशाला तोंड लपवलं. आमचे मालक काहीच झालं नाही असं दाखवत पकड शोधायला लागले, जी त्यांच्या हातातच होती.

सातव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. उन्हाची एक पट्टी उंबऱ्यावरून आत आली होती. ते समोर बसून तार गुंडाळत होते आणि मी उशीला टेकून बघत होते. त्यांनी गुंडाळलं, थांबले, सगळं सोडवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले, पुन्हा सोडवलं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी भुवया उंच केल्या.

"मोजणी चुकायली," ते म्हणाले.

मी हातानं विचारलं, का?

"तू बोलत न्हाईस म्हणून."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी फोनवर टाईप करून त्यांच्यासमोर धरलं: उलट पाहिजे ना?

"न्हाई," ते तारेकडं बघतच म्हणाले. "तू डबा घेऊन यायचीस तवा बोलत बसायचीस ना. त्या आवाजात फेरे बरोबर चालायचे. आता गप झालं की वाटतं, गेली का काय. मग वर बघावं लागतं. वर बघितलं की फेरा गेला."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. मला एका वेळी शंभर गोष्टी बोलायच्या होत्या आणि एकही बोलता येत नव्हती. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की कुणी मला काही सांगावं आणि ते माझ्या आतच जाऊन बसावं, लगेच उत्तर होऊन बाहेर न पडता. मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि तारेचं बंडल हातात धरलं, म्हणजे त्यांना वर न बघता कळावं की मी आहे. तार माझ्या हातातून सरसर जात राहिली. हाताला बारीक गुदगुल्या होत होत्या.

ती कॉइल बरोबर भरली. आणि मग, कदाचित दुकान फारच शांत वाटलं म्हणून, तेच बोलायला लागले. लहानपणी शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करायला घेतला आणि कैरीची चटणी छतापर्यंत उडाली, ते सांगितलं. कोणत्या गावची वीज कशी आहे, ते सांगितलं. मग एकदम म्हणाले, "आमी तुला बघायला आलो तवा तू पोहे देता देता माझ्या बापाला गप केलं होतंस."

मी आठवून बघितलं. हो, मामा आमच्या दारासमोरच्या रस्त्यावर काहीतरी भाषण करत होते आणि मी म्हणाले होते, आधी खाऊन घ्या, थंड झाले तर पोह्यांची चूक नाही.

"तोवर कुणी गप केलं नव्हतं त्यांना," ते म्हणाले. "मला तवाच पटली तू."

आणि मला हे तीन वर्षांनी सांगत होते, नेमकं मला तोंड उघडायची बंदी असताना! मी उशी उचलली आणि त्यांच्या पाठीत दोन हाणल्या. ते हसले. आवाज काढून हसले. समोरच्या पंक्चरवाल्यानं वळून बघितलं.

दहाव्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर परभणीला गेलो. बहीणही दवाखान्यात आली. माझं पहिलं वाक्य काय असावं यावर मी दहा दिवस विचार केला होता. काही फार सुंदर तयार केलं होतं, त्यात "जन्मभर" असा शब्द होता. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला, बघितलं, समाधानानं मान डोलावली. "बोला आता," त्या म्हणाल्या. "सावकाश."

बहिणीनं फोन रेकॉर्डिंगला लावला. आमचे मालक माझ्याकडं बघत होते, श्वास धरून.

मी तोंड उघडलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

खोलीत सगळ्यांनी एकदम वर बघितलं. पंखा कर्रर्र करत फिरत होता. इतके दिवस मोटारींच्या दुकानात बसले होते मी. कानच तसे झाले होते.

"बरोबर हाय," माझे मालक म्हणाले. एवढा अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता, अगदी पाणबुडी मोटार पहिल्या फटक्यात चालू झाली तरी नाही.

बहीण भिंतीला टेकून खाली बसली, हसून हसून. डॉक्टरीणबाईंना काय झालं ते कळेना, त्याही हसल्या. जिन्यावरून उतरताना बहीण म्हणाली, "परत चाचणी घेऊ का तुमची? बदललं असंल बघा."

"नको," आम्ही दोघं म्हणालो.

परतताना मी परभणी सोडल्यापासून बोलायला लागले. सावकाश बोलायचं होतं, सावकाशच बोलले, पण थांबले नाही. चांगलं दहा दिवसांचं साठलेलं होतं. त्या पेरूवाल्या काकांना "चालायचंच" म्हणाल्याबद्दलचं भांडण केलं, कैरीच्या चटणीबद्दल दहा प्रश्न विचारले, "तवाच पटली तू" हे वाक्य त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या, वाऱ्यानं माझे शब्द मागं उडत होते, आणि ते हेल्मेटमधून मधेमधे "हां" म्हणत होते.

वाटेत बोरीला चहाला थांबलो. बाकड्यावर बसलो, आणि मी कपात फुंकर घालून पुढचं सुरू करणार तर त्यांनी हात वर केला.

"जरा थांब. मला बी सांगायचंय."

"काय?"

"तू बोलायलीस म्हणून थांबलोय मी. मागच्या पुलापासून."

"मग सांगा की!"

"तू बोलू देशील तवा."

"मी कुठं धरलंय तुमाला..."

"तेच सांगायलोय, काल मामा म्हणले..."

"मामा? तुमी परत मामा म्हणालात! अहो, ते तुमचे..."

"ऐक तर! ते म्हणले, ती गप असली की घरात करमत..."

"काय म्हणले? खरं म्हणले? म्हणू दे त्यांना एकदा माझ्या तोंडावर, मी..."

आम्ही दोघंही एकाच वेळी बोलत होतो, हातवारे करत, एकमेकांचं अर्धं ऐकत, आणि मला कळत होतं की ते थांबत नाहीयेत, आणि मीही थांबणार नव्हते. चहावाला किटली हातात घेऊन आमच्यासमोर येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्यांच्याकडं, थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला.

"भांडू नका, ताई," तो शेवटी म्हणाला. "अजून एकेक कप ओतू का?"

"ओता," दोघं म्हणालो, आणि पुन्हा सुरू झालो.